सतरा एकांची संख्या

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा निरोप समितीकडून दरवर्षी येतो आणि "पुढच्या वर्षी नक्की" असं म्हणून मी दरवर्षी सुटका करून घेतो. मी पेशाने इंजिनिअर. प्रवचन माझ्याने होत नाही आणि प्रवासवर्णन लिहावं तर आपल्यातले निम्मे लोक चारधाम करून आलेले! या वर्षी मात्र घर बदलताना माळ्यावरची एक पेटी उघडली, आणि तिच्यात ठेवलेला एक जुना प्रश्न पुन्हा समोर येऊन उभा राहिला. तो आपल्यापुढे मांडावा असं वाटलं. प्रश्न तसा धर्माचाच आहे, पण त्याची सुरुवात एका आकड्यापासून होते. गणिताची धास्ती असलेल्यांनी कृपा करून पान उलटू नये. शाळेतल्या भागाकारापलीकडचं यात फारसं काही नाही.

तर आकडा असा : १११११११११११११११११

सतरा वेळा एक. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त एक, दश, शत असं करत परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं दिली आहेत. त्या हिशोबाने आपला आकडा सतराव्या, म्हणजे 'मध्य' नावाच्या स्थानावर सुरू होतो. परार्धाला एक घर कमी.

माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, या आकड्याच्या मागे सतरा वर्षं होते.

अण्णा नाशिकरोडला कारकून होते. इंटर सायन्सनंतर घरच्या परिस्थितीमुळे शिक्षण सुटलं, गणिताची ओढ मात्र सुटली नाही. त्यात शेजारच्याच देवळालीला दत्तात्रय रामचंद्र कापरेकर राहत. शाळेतले शिक्षक, १९६२ साली निवृत्त झालेले, कुठल्याही विद्यापीठाच्या पगारावर नसलेले. पण १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यांच्यावर लिहिलं आणि ६१७४ हा त्यांचा आकडा जगभर गेला. आमच्या भागात त्याचं अप्रूप फार. कापरेकरांच्या आवडत्या गमतींपैकी एक म्हणजे नऊ एकांचा वर्ग : १२३४५६७८९८७६५४३२१. एकपासून चढत नऊपर्यंत जायचं आणि पुन्हा उतरत एकपर्यंत यायचं. अण्णांनी तो स्वतः गुणून पाहिला, आणि तेव्हापासून नुसत्या एकांनी बनलेल्या संख्यांनी त्यांना जे धरलं ते धरलंच.

या संख्यांचे अवयव पाडायचे, हा त्यांचा खेळ. एकांची मोजदाद समान गटांत पडत असेल तर काम सोपं. चार एक म्हणजे ११ गुणिले १०१. सहा एक म्हणजे १११ गुणिले १००१. कस लागतो तो ती मोजदादच मूळ संख्या असली तर. पाच एकांचे ४१ आणि २७१. सात एकांचे २३९ आणि ४६४९. अकरा एकांचे २१,६४९ आणि ५,१३,२३९. तेरा एकांचे तीन निघतात : ५३, ७९ आणि २६,५३,७१,६५३. हे करता करता अण्णांच्या लक्षात आलं की सात एकांच्या अवयवांना ७ ने भागलं तर बाकी १ उरते. अकरा एकांच्या अवयवांना ११ ने भागलं तरी १. तेरालाही तेच. (१११ ला भागणारा ३ हा तेवढा अपवाद.) यामागे सतराव्या शतकातल्या फर्माचं प्रमेय आहे, हे मला पुढे इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं. अण्णांना ते कोणी शिकवलं नव्हतं. त्यांनी ते पाहून पाहून काढलं होतं.

तेव्हा सतरा एकांना भागणारी मूळ संख्या हवी असेल, तर १७ ने भागून १ उरणारीच हवी, आणि विषमही हवी. म्हणजे ३४ च्या पाढ्यात एक मिळवत जायचं. ३५, ६९, १०३, १३७... त्यातल्या ३, ५, ७, ११, १३ ने भाग जाणाऱ्या नुसत्या नजरेने गाळायच्या आणि उरलेल्यांनी सतरा एकांना भागून पाहायचं. बाकी शून्य आली की सापडला.

हे काम त्यांनी १९८४ साली सुरू केलं. रविवारी आंघोळ, पूजा झाली की खिडकीजवळच्या टेबलाशी बसायचं ते जेवणाची हाक येईपर्यंत. रविवारी साधारण वीस भागाकार. भागाकार पाठकोऱ्या कागदावर व्हायचा आणि वहीत फक्त दोन रकाने भरायचे : भाजक आणि बाकी. एका रविवारचं एक पान, वर तारीख. आईला हे खूळ वाटायचं. ती जेवायला वाढताना विचारायची, "आज तरी निघालं का शून्य?" आणि अण्णा हसून म्हणायचे, "पुढच्या रविवारी."

१९८६ साली मी इंग्लंडला आलो. इथे ईशान्येला नोकरी लागली, संसार झाला, मुलगी झाली. १९९४ साली घरात पहिला कॉम्प्युटर आला. एका संध्याकाळी सहज, अगदी सहज, मी 'बेसिक'मध्ये दहा-बारा ओळींचा प्रोग्राम लिहिला आणि अण्णांच्याच रीतीने ३४ च्या पायऱ्यांनी तो चालवला. चहाचा कप अर्धा व्हायच्या आत पडद्यावर उत्तर आलं.

२०,७१,७२३ आणि ५,३६,३२,२२,३५७.

पहिल्या क्षणी आनंद झाला. दुसऱ्या क्षणी कोणाच्या तरी देवघरात चपला घालून गेल्यासारखं वाटलं. पुढे वाचनात आलं की हे अवयव युरोपात एकोणिसाव्या शतकातच काढलेले होते, म्हणजे अण्णांच्या जन्माआधी. कापरेकरांसारखं नवं काही त्यांच्या हाती लागण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांना ते ठाऊक नव्हतं.

१९९५ च्या दिवाळीत आम्ही घरी गेलो. अण्णा तेव्हा नऊ लाखांच्या आसपास होते. भाऊबीजेच्या दुपारी मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. त्यांनी चष्मा पुसत विचारलं, "काय रे, तुझ्या त्या कॉम्प्युटरला कधी घातलास का हा आकडा?"

मी म्हणालो, "नाही अण्णा."

ते "हं" म्हणाले आणि त्यांनी पान उलटलं.

एवढंच घडलं. पण मंडळी, ते खोटं होतं, आणि ज्या माणसाने मला आयुष्यात एकदाही खोटं सांगितलं नाही त्याच्या तोंडावर सांगितलेलं होतं. याहून मोठी खोटी मी ऑफिसात अनेकदा बोललो असेन, ती आता आठवतही नाहीत.

पुढची गोष्ट १९९९ ची. त्यांचं पत्र आलं. आईची तब्येत, भावाच्या घराचा स्लॅब, नातीला आशीर्वाद, आणि शेवटी दोन ओळी : आकडा अजून वश होत नाही, मूळ संख्याच निघते की काय अशी शंका येते, तसं असेल तर आयुष्याचे रविवार भिंतीला डोकं आपटण्यात गेले म्हणायचे. मी उत्तर लिहिलं. हवामान लिहिलं, मुलीच्या शाळेतलं नाटक लिहिलं. त्या दोन ओळींना उत्तर दिलं नाही.

२००१ च्या डिसेंबरात अण्णा गेले. तेराव्याला आलेले एक गृहस्थ म्हणाले, "निष्काम कर्मयोगी होते हो." मी मान हलवली, पण मनाला ते पटलं नाही. अण्णांना फळ हवं होतं. बाकी शून्य यावी अशी त्यांना तीव्र इच्छा होती, दर रविवारी, लहान मुलाला असते तशी. गीतेतली ओळ त्यांच्या नावाला चिकटवून मला मोकळं होता येत नाही.

निघताना भावाने त्यांच्या चार वह्या माझ्या हातात दिल्या. शेवटच्या वहीचं शेवटचं लिहिलेलं पान नोव्हेंबरातलं. त्यावर सातच ओळी. सातव्या ओळीत भाजक आहे १३,६०,६१३ आणि त्याच्यापुढचा बाकीचा रकाना कोरा आहे. खऱ्या विभाजकापासून ते ७,११,११० अंतरावर होते. त्यांच्या वेगाने आणखी साडेसात-आठ वर्षं.

आता प्रश्न. मी सांगायला हवं होतं का?

इतकी वर्षं मी स्वतःची बाजू अशी मांडत आलो. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, वडाचं फळ आणायला सांगतो, फोडायला सांगतो, आतलं बी फोडायला सांगतो आणि विचारतो, काय दिसतं? उत्तर तो हातात देत नाही. आधी मुलाला स्वतः पाहायला लावतो. शोधणाऱ्याच्या हातून शोध काढून घेणं हा एक प्रकारचा दरोडा आहे. अण्णांना उत्तर सांगितलं असतं तर पुढच्या रविवारी त्यांनी काय केलं असतं? मी त्यांचे रविवार वाचवले, असं मी स्वतःला सांगत होतो. उद्दालकाच्या गोष्टीत बाप जाणता आणि मुलगा अजाण, इथे उलटं होतं, एवढाच फरक. पण हा 'एवढाच' फरक मला आता तितका लहान वाटत नाही. उद्दालकाला ठाऊक होतं की मुलगा तिथे पोचणार आहे. तो समोर बसून होता. मी चार हजार मैलांवर होतो, आणि अण्णा सत्तरीला आले होते.

आमच्या सौ.चं मत पहिल्यापासून वेगळं आहे. ती शिक्षिका, त्यामुळे मुद्द्याला सोडत नाही. ती म्हणते, "उत्तर सांगितल्याने सगळं संपतं हे तुम्हाला कोणी सांगितलं? दोन आकडे त्यांना पाठवले असते तर त्यांनी एक अख्खा रविवार बसून ते गुणले असते. सतरा एक एकाखाली एक उतरताना स्वतः पाहिले असते. तो एक रविवार तुम्ही त्यांना देऊ शकत होता."

यावर मला उत्तर सुचलं नाही, आणि पुढे एक हकिकत वाचल्यावर तर ते सुचण्याची आशाच सोडली. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, अशी गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. पटावरच्या सगळ्या दाण्यांची आठपट करा आणि वर सात मिळवा. २ चा ६७ वा घात वजा १, ही ती संख्या : १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. मर्सेन या फ्रेंच धर्मोपदेशकाने १६४४ साली ती मूळ असल्याचं लिहून ठेवलं होतं. १९०३ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कला अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत कोलंबिया विद्यापीठाचे फ्रँक नेल्सन कोल फळ्याकडे गेले. एक शब्द न बोलता त्यांनी एका बाजूला ही संख्या मांडली. दुसऱ्या बाजूला १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७ लिहून त्यांचा गुणाकार ओळीमागून ओळ करत नेला. दोन्हीकडे तेच उत्तर आलं, आणि ते मुकाट्याने जागेवर जाऊन बसले. सभेने टाळ्यांचा कडकडाट केला. हे काढायला किती वेळ लागला असं पुढे विचारल्यावर कोल म्हणाले, तीन वर्षांचे रविवार. ही हकिकत एरिक टेंपल बेल यांनी लिहिली आहे आणि बेल गोष्टी थोड्या रंगवून सांगत, त्यामुळे टाळ्या किती वेळ चालल्या ते सोडून द्या. दोन अवयव मात्र पक्के आहेत, कोणीही गुणून पाहावेत.

कोल यांनी सरळ एकेका भाजकाने भागत जाण्याचा मार्ग धरला नव्हता, कारण तो परवडणाराच नव्हता. अण्णांच्या रीतीने इथे १३४ च्या पाढ्यात एक मिळवत जावं लागतं आणि पहिला विभाजक चौदा लाख पंचेचाळीस हजार पाचशे ऐंशीव्या पायरीवर आहे. गाळून गाळून लाखभर भाजक उरले, एका भागाकाराला पाच मिनिटं आणि रविवारचे आठ तास धरले, तरी हिशोब वीस वर्षांच्या रविवारांवर जातो. कोल यांनी वर्गशेषांच्या गणिताने वाट आखूड केली, तेव्हा कुठे तीन वर्षांत झालं.

पण मला त्यातली सभा महत्त्वाची वाटते. त्या सभेतल्या एकानेही काही शोधलं नव्हतं. त्यांना तयार उत्तर मिळालं होतं, त्यांनी फक्त गुणाकार पाहिला. तरीही त्यांचा आनंद खोटा नव्हता. अवयव शोधायला वर्षं लागतात आणि तपासायला एक तास. आज आपण इंटरनेटवर कार्डाचा नंबर निर्धास्तपणे घालतो, त्याच्यामागेही बऱ्याच ठिकाणी हाच असमतोल कुलपासारखा वापरलेला असतो. तर मग सौ. म्हणते ते खरं. अण्णांना मी त्या सभेत पहिल्या रांगेत बसवू शकत होतो.

आणि मला खरी टोचणी लावणारी गोष्ट याच हकिकतीत पुढे आहे. कोल यांना सुरुवातीपासून ठाऊक होतं की विभाजक आहेत. १८७६ साली एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने ही संख्या मूळ नाही हे दाखवून दिलं होतं, एकही विभाजक न दाखवता. घर रिकामं नाही, आत माणूस आहे, पण कोण आहे ते माहीत नाही, असं काहीसं ते ज्ञान. सत्तावीस वर्षं जग तेवढ्यावर थांबलं होतं. म्हणजे 'सांगणं' आणि 'न सांगणं' यांच्या मधे एक तिसरी जागा होती. १९९९ च्या पत्राला मी एका ओळीत उत्तर देऊ शकलो असतो : अण्णा, संख्या मूळ नाही, चालू ठेवा. शोध त्यांचाच राहिला असता, भिंतीला डोकं आपटत असल्याची शंका गेली असती. ते वाक्य मला सुचलं नाही असं नाही. ते लिहिलं असतं तर "तुला कसं कळलं?" असा प्रश्न आला असता, आणि १९९५ चं खोटं उघडं पडलं असतं. गप्प राहिलो ते त्यांचा शोध जपायला नव्हे, स्वतःला जपायला. हे मान्य करायला मला वीस वर्षं लागली.

आणखी एक गोष्ट मनातून जात नाही. समजा अण्णांनी सतराऐवजी एकोणीस एक घेतले असते. एकोणीस एकांची संख्या मूळ आहे, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीस सिद्ध झालेलं आहे. वहीच्या पहिल्या पानावरून दोन्ही शोध हुबेहूब सारखे दिसले असते. तेच रकाने, तसेच भाजक, तसेच शून्य नसलेले आकडे. पण तिथे माझं मौन उघड उघड क्रूर ठरलं असतं, कारण शोधायला तिथे काहीच नव्हतं. मग एकाच मौनाला सतराच्या बाबतीत आदर म्हणायचं आणि एकोणीसच्या बाबतीत क्रौर्य? माझं वागणं चांगलं की वाईट हे एका संख्येच्या गुणधर्मावर ठरतं, आणि तो गुणधर्म ना अण्णांच्या हातात ना माझ्या! धर्मराजाचा रथ अश्वत्थाम्याच्या प्रसंगानंतर जमिनीला टेकला म्हणतात. तिथे निदान हत्ती मेला होता हे तरी खरं होतं. माझ्या "नाही अण्णा"मध्ये तेवढंही नव्हतं.

हॉटन-ले-स्प्रिंग नावाचं गाव १९७४ पर्यंत आम्ही राहतो त्या डरहॅम परगण्यात मोडत असे. तिथे एकोणिसाव्या शतकात विल्यम शँक्स नावाचे गृहस्थ निवासी शाळा चालवत. सकाळभर आकडेमोड करायची आणि दुपारभर ती तपासायची, हा त्यांचा नेम. १८७३ साली त्यांनी पायची किंमत ७०७ दशांश स्थळांपर्यंत काढली. अण्णांच्या उद्योगाशी त्यांचं एक जवळचं नातंही आहे. १ ला मूळ संख्येने भागलं की दशांशातले अंक किती घरांनंतर पुन्हा येतात, याचा १,१०,००० पर्यंतच्या मूळ संख्यांचा तक्ता त्यांनी केला होता. ज्या मूळ संख्येचे अंक बरोबर सतरा घरांनी फिरून येतात, तीच सतरा एकांना भागते. अण्णांचा २०,७१,७२३ त्या तक्त्याच्या फार पलीकडे. १ ला त्याने भागून पाहा : दशांश चिन्हापुढे ०००००० ४८२६९००१२१३, आणि पुन्हा तेच सतरा अंक, पुन्हा तेच, अखंड.

शँक्स १८८२ साली वारले. त्यांच्या पायचा ५२८ वा अंक चुकला होता आणि तिथून पुढचं सगळं चूक होतं, हे १९४४ च्या सुमारास डी. एफ. फर्ग्युसन यांना पडताळा घेताना आढळलं. मधल्या काळात, १९३७ साली, पॅरिसच्या विज्ञान संग्रहालयातल्या एका गोल दालनात ते चुकीचे अंक मोठ्या दिमाखाने भिंतीवर चढलेही होते. पुढे ते दुरुस्त करावे लागले. शँक्स सुखाने गेले, कारण त्यांना सांगणारं कोणी नव्हतं. मी बराच काळ त्यांच्या उदाहरणाचा आधार घेत होतो. पण शँक्सना कोणी सांगितलं नाही, कारण कोणाला माहीतच नव्हतं. अण्णांना सांगितलं नाही तेव्हा मला माहीत होतं.

आमची मुलगी इथेच जन्मली, वाढली. तिला आजोबा सुट्ट्यांपुरतेच मिळाले. पेटी उघडली तेव्हा तिने वह्या चाळल्या आणि मराठीतच म्हणाली, "बाबा, तुम्ही त्यांना लहान मूल समजलात. त्यांनी सरळ विचारलं होतं ना?" मी म्हणालो, त्यांना 'नाही'च ऐकायचं असेल. ती म्हणाली, "असेल. पण ते ठरवायचं त्यांनी, तुम्ही नाही." दूरदेशी राहून आईवडिलांपासून आपण सगळेच काही ना काही लपवतो. नोकरी गेली तर सांगत नाही, ऑपरेशन झालं तर झाल्यावर सांगतो, उगाच काळजी नको म्हणून. तेही तिकडून तेच करतात. इतकी सवय होते की काय लपवलं आणि कोणासाठी, याचा हिशोबच राहत नाही. वाचकांपैकी कोणाला माझी बाजू बरोबर वाटली तर महाप्रसादाच्या वेळी जरूर सांगावं, घरात मी एकटा पडलो आहे.

अण्णांच्या वह्यांतले काही आकडे मी कॉम्प्युटरवर तपासले. मधूनमधून बाकी चुकलेली आहे, हातचा विसरलेला आहे. पण एकही चूक अशी नाही की तिच्यामुळे शून्य निसटलं, कारण तिथवर शून्य नव्हतंच. १३,६०,६१३ च्या खाली सतरा एकांना भागणारी एकही मूळ संख्या नाही, हे अण्णांचं म्हणणं बरोबर आहे.

मार्चमधल्या एका रविवारी, बाहेर पाऊस लागलेला असताना, मी टेबलाशी बसलो आणि पाठकोऱ्या कागदावर २०,७१,७२३ आणि ५,३६,३२,२२,३५७ यांचा गुणाकार मांडला. पहिल्यांदा एक हातचा चुकला आणि उत्तरात मधेच एक दोन उगवला. दुसऱ्यांदा सतरा एक आले. पाऊण तास लागला.

तो कागद मी वहीत ठेवला नाही. वही उघडून शेवटच्या पानावरच्या सातव्या ओळीतला भागाकार तेवढा केला. सतरा एकांना १३,६०,६१३ ने भागलं की भागाकार येतो ८,१६,६२,५३,८२१. कोऱ्या रकान्यात मी बाकी लिहिली : ९,५८,८३८.